पोटातले अवयव उलट बाजूला असले तर बाळाचं लिव्हर ट्रान्सप्लांट होतं का? एका आईच्या प्रश्नाला उत्तर

एका आईने विचारलंय. मुलगी आठ महिन्यांची, बिलिअरी अट्रेशिया म्हणजे पित्तनलिका जन्मापासून बंद असल्याचा आजार, ७२ व्या दिवशी कासाई ऑपरेशन झालं पण कावीळ काही उतरली नाही, आता पोटात पाणी होतंय आणि ट्रान्सप्लांट करा असं सांगितलंय. पण सिटी स्कॅनच्या रिपोर्टमध्ये सायटस इन्व्हर्सस, पॉलिस्प्लेनिया, आयव्हीसी इंटरप्टेड, प्रीड्युओडीनल पोर्टल व्हेन असं सगळं लिहून आलंय आणि एका ठिकाणी त्यांना सांगितलं की आतलं सगळं उलटंपालटं आहे, यात नवीन लिव्हर बसणार नाही, घरी न्या. त्या विचारतायत की खरंच काही होत नाही का, आणि माझं लिव्हर सरळ, तिचं पोट उलट, मग माझं तिला चालेल का.

ताई, होतं. मी गेली १७ वर्षं लहान मुलांची लिव्हर ट्रान्सप्लांट करणाऱ्या टीममध्ये सर्जन आहे, अशा रचनेची मुलं आम्ही केलीत आणि त्यातली आता दप्तर पाठीवर टाकून शाळेत जातात. आणि तुमचं चालेल का, तर अशा पोटाला आईबापाच्या लिव्हरचा डावा तुकडाच बहुतेक वेळा सगळ्यात छान बसतो. हे मी तुम्हाला धीर यावा म्हणून बोलत नाहीये, का बसतो ते खाली नीट सांगते. फक्त ते 'घरी न्या' ऐकल्यापासून जेवढे दिवस गेले ते गेले, आता अजून घालवू नका.

आधी तुमच्या मनात जे असणार ते. हे तुमच्यामुळे झालेलं नाही. ग्रहणात भाजी चिरली, पपई खाल्ली, सातव्या महिन्यात प्रवास केला, सासरी माहेरी कोण काय बोलत असेल ते सगळं सोडून द्या. डावं कुठलं आणि उजवं कुठलं हे गर्भात तिसऱ्या-चौथ्या आठवड्यातच ठरतं, म्हणजे दिवस गेलेत हे आईला जेमतेम कळत असतं तेव्हा. गर्भाच्या एका छोट्याशा भागात सूक्ष्म केसांसारखे तंतू असतात, ते भोवतालचा द्राव एकाच दिशेला लोटत राहतात आणि त्यावरून शरीराला कळतं की हृदय इकडे, लिव्हर तिकडे. तो इशारा चुकला की बाजू बदलतात, कधी सगळ्या, कधी अर्ध्याच. नुसतं सगळं आरशातल्यासारखं उलट असणं साधारण १० हजारांत एकाला असतं आणि त्यातली बरीच माणसं ठणठणीत जगतात, कित्येकांना आपलं हृदय उजवीकडे आहे हे चाळिशीत एक्स-रे काढल्यावर कळतं. बिलिअरी अट्रेशियाच्या मुलांत मात्र दहातल्या एकाला असा बाजूंचा घोळ सापडतो, आणि तो बहुतेक वेळा पूर्ण आरसा नसतो, थोडं इकडे थोडं तिकडे असा असतो. आईला गरोदरपणाआधीपासून डायबिटीस असला तर याचं प्रमाण थोडं जास्त दिसतं, पण दोष काढायला ती माहिती वापरायची नसते, पुढच्या वेळी शुगर आधीपासून सांभाळायची एवढ्यासाठीच.

कासाई हे नाव मराठीत ऐकलं की अंगावर काटा येतो, मला माझ्या ओपीडीत एका आजीने घाबरून विचारलं होतं की अहो बाळाला कुठं नेताय. तर ते आडनाव आहे, जपानच्या सेंदाईमधले सर्जन मोरिओ कासाई, त्यांनी १९५० च्या दशकात हे ऑपरेशन काढलं. बंद झालेली नलिका काढून आतड्याचा एक पट्टा थेट लिव्हरच्या दाराशी जोडतात. ६० दिवसांच्या आत झालं तर यश जास्त, पुढे कमी होत जातं. आमच्याकडे मुलं उशिरा येतात कारण पहिला महिना 'कोवळं ऊन द्या' मध्ये जातो आणि दुसरा कावीळ उतरवायची माळ घालण्यात. कोणाच्याही घरात नवीन बाळ असेल तर एवढं सांगा की दोन आठवड्यांनंतरही डोळे पिवळे असतील आणि शी खडूसारखी, पांढऱ्या मातीसारखी होत असेल तर त्याच आठवड्यात मुलांच्या लिव्हरच्या डॉक्टरला दाखवायचं. तैवानमध्ये २००४ पासून आईच्या हातात शीच्या रंगांचं कार्डच देतात, तिथे मुलं लवकर सापडायला लागली.

आता रिपोर्टमधले ते शब्द. तुम्हाला एक चित्र सांगते, आम्ही ते पेशंटच्या आईबाबांना कागदावर काढून दाखवतो.

तुमच्या मुलीचं लिव्हर डावीकडे किंवा मधोमध आहे, जठर उजवीकडे, सायटस इन्व्हर्सस म्हणजे अवयव असे उलट बाजूला असणं. प्लीहा, गावाकडे पाणथरी म्हणतात ती, जंतूंशी लढायला मदत करते, ती एक मोठी असण्याऐवजी अनेक छोट्या छोट्या आहेत, पॉलिस्प्लेनिया म्हणजे तेवढंच. पहिल्यांदा असं पोट उघडलं तेव्हा जठराच्या कडेला उजव्या अंगाला जांभळाचा घड लटकावा तशा त्या दिसल्या होत्या, रंगही तोच, मी सात मोजल्या. त्या दिसायला जास्त असल्या तरी काम नीट करतातच असं नाही, त्याबद्दल पुढे बोलते कारण ते घरी गेल्यावर महत्त्वाचं आहे.

आयव्हीसी म्हणजे पायांकडून आणि पोटातून वापरलेलं रक्त हृदयाकडे नेणारी मोठी शीर. साधारण माणसात ती लिव्हरच्या मागून वर जाते. तुमच्या मुलीत ती लिव्हरच्या मागे तयारच झालेली नाही, रक्त पाठीच्या कण्याजवळच्या दुसऱ्या शिरेतून, अझायगस म्हणतात तिला, वळसा घालून वर जातं. म्हणजे हायवे मध्ये तुटलाय आणि सगळी वाहतूक सर्व्हिस रोडने चाललीय, पण चाललीय. लिव्हरच्या स्वतःच्या शिरा मात्र एकत्र येऊन जवळजवळ थेट हृदयात उघडतात. हे वाचायला भयंकर वाटतं पण ऑपरेशनच्या टेबलावर याचा आम्हाला एक फायदाच होतो. एरवी जुनं लिव्हर काढताना ती मोठी शीर दाबली की पायांकडचं रक्त अडतं आणि बाळाचं बीपी कोसळतं, इथे ते रक्त बाजूच्या वाटेने जातच राहतं, आम्ही फक्त लिव्हरच्या शिरांच्या एकत्र तोंडावर चिमटा लावतो आणि त्याच तोंडाला नव्या तुकड्याची शीर शिवतो. अट एकच, ती बाजूची वाट कुठून जाते हे आधी माहीत पाहिजे आणि तिला धक्का लागता कामा नये. भूलतज्ज्ञालाही आधीच सांगावं लागतं, कारण मांडीतून नळी घातली तर ती सरळ हृदयाकडे जाणार नाही आणि हृदय उजवीकडे असेल तर ईसीजीची बटणंही उलट बाजूला लावायची.

खरी काळजीची जागा आहे पोर्टल व्हेन. आतड्यातून लिव्हरमध्ये अन्नरस आणणारी शीर. एरवी ती आतड्याच्या पहिल्या वळणाच्या मागून जाते, तुमच्या मुलीत ती पुढून जाते, प्रीड्युओडीनल म्हणजे तेवढंच. शिवाय बिलिअरी अट्रेशियात लिव्हर दगडासारखं कडक होत जातं तशी ती शीर आकसत जाते, ४ मिलिमीटरच्या खाली गेली की नवीन लिव्हरला पुरेसं रक्त मिळणं अवघड. मग आम्ही ती उभी चिरून वर शिरेचाच पट्टा शिवून रुंद करतो, किंवा खालच्या जाड भागापासून शिरेचा तुकडा घालून नव्याने जोडतो, तो तुकडा कधी डोनरच्याच एखाद्या शिरेतून मिळतो.

यातली एक गोष्ट मी विसरू शकत नाही म्हणून सांगते. माझ्या सुरुवातीच्या वर्षांतला एक मुलगा, कासाई दुसरीकडे झालेलं, त्या ऑपरेशनच्या नोटमध्ये शीर पुढून जाते हे लिहिलेलंच नव्हतं आणि आमचाही सिटी घाईत बघितला गेला होता, रिपोर्टमध्ये 'पोर्टल व्हेन दिसते' एवढं वाचून आम्ही पुढे गेलो, कुठून जाते हे विचारलं नाही. आधीच्या ऑपरेशनमुळे सगळं एकमेकांना चिकटलेलं, ते सोडवताना मला आतड्यावरची चिकट पापुद्र्यासारखी पट्टी वाटली ती शीर होती. हात लागला आणि पोट रक्ताने भरलं. बोटाने दाबून धरलं, सिनियर सरांनी शिवलं, मुलगा वाचला, पण ती दहा मिनिटं माझ्या आयुष्यातली सगळ्यात लांब दहा मिनिटं आहेत. त्या दिवसापासून आमच्या टीममध्ये असं मूल आलं की रेडिओलॉजिस्टच्या शेजारी बसून एकेक शीर, एकेक धमनी कागदावर हाताने काढायची, ती कुठून निघते, कशाच्या पुढून जाते, किती मिलिमीटर आहे हे लिहायचं आणि तो कागद ऑपरेशन थिएटरच्या भिंतीवर चिकटवायचा. लिव्हरची धमनीसुद्धा अशा मुलांत भलतीकडून निघते, कधी आतड्याच्या धमनीतून, कधी थेट महाधमनीतून. ते आधी कळलं तर काही अडत नाही, टेबलावर कळलं तर तासभर जातो आणि कधी धमनीच जाते.

म्हणून मी म्हणते की रचना उलटी असणं हे 'नाही' म्हणायचं कारण नाही, रचना न बघता आत शिरणं हे संकट आहे.

पूर्वी मात्र हे खरंच 'नाही' म्हणायचं कारण होतं, ज्यांनी तुम्हाला तसं सांगितलं त्यांनी कदाचित जुनंच शिकलेलं सांगितलं असेल. जगातलं पहिलं लिव्हर ट्रान्सप्लांट थॉमस स्टार्झल यांनी अमेरिकेत डेन्व्हरला १९६३ मध्ये केलं ते बिलिअरी अट्रेशियाच्याच तीन वर्षांच्या मुलावर, आणि ते मूल टेबलावरच रक्तस्रावाने गेलं. नंतर बरीच वर्षं उलट्या रचनेच्या पेशंटला कोणी हात लावत नसे, कारण तेव्हा मृत व्यक्तीचं अख्खं लिव्हर बसवायचे आणि त्याचा मोठा भाग उजवीकडचा, इथे उजवीकडे जठर बसलेलं. १९८८ मध्ये सायटस इन्व्हर्ससच्या पेशंटवर यशस्वी ट्रान्सप्लांट झाल्याचं प्रसिद्ध झालं आणि मग लिव्हर किती अंशात फिरवून बसवायचं याच्या पद्धती निघत गेल्या. १९८९ मध्ये ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेनला रसेल स्ट्राँग यांनी आईच्या लिव्हरचा तुकडा मुलाला बसवून तो यशस्वी करून दाखवला आणि लहान मुलांचं चित्रच पालटलं. भारतात पहिलं यशस्वी लहान मुलाचं लिव्हर ट्रान्सप्लांट १९९८ मध्ये दिल्लीला झालं, वडिलांनी दिलेलं, आजार हाच, आणि ते बाळ मोठं होऊन स्वतः डॉक्टर झालं.

आता तुमचा तुकडा तिला का बसतो. तुमच्या लिव्हरचा डावीकडचा टोकाचा भाग आम्ही घेतो, अख्ख्या लिव्हरच्या साधारण २० ते २५ टक्के, वजन २०० ते ३०० ग्रॅम. त्याचं टोक डावीकडे निमुळतं आणि शिरेचं तोंड आतल्या बाजूला. तुमच्या मुलीचं लिव्हर डावीकडे असेल तर जागाही डावीकडे रिकामी होणार. तुकडा जसा तुमच्या पोटात होता तसाच, न फिरवता, तिच्या डाव्या कुशीत जातो आणि उजवीकडचं जठर त्याच्या वाटेत येत नाही. अख्खं लिव्हर असतं तर फिरवायला लागलं असतं. मधोमध लिव्हर असलेल्या मुलांत थोडी जुळवाजुळव लागते, तुकडा घरंगळून शीर पिळली जाऊ नये म्हणून त्याला पोटाच्या भिंतीशी टाके घालून धरून ठेवावं लागतं. पोट शिवल्यावर डॉपलर सोनोग्राफी टेबलावरच करतो आणि रक्ताचा वेग कमी दिसला तर टाके उसवून परत बघतो, मुलगी फार छोटी असेल तर पोट दोन टप्प्यांत बंद करतो. बाळाच्या वजनाच्या ४ टक्क्यांच्या वर तुकडा गेला की तो दाबला जातो, म्हणजे सहा किलोच्या बाळाला २४० ग्रॅमच्या आसपास हद्द, त्यापेक्षा मोठा असला तर कापून छोटा करतात.

धमनी मात्र दोन मिलिमीटरची, केसापेक्षा बारीक धाग्याने मायक्रोस्कोपखाली जोडायची. पहिला आठवडा आम्ही दिवसातून दोनदा सोनोग्राफी करतो ती त्या धमनीत गुठळी होऊ नये, झाली तर तासांत कळावी म्हणून. नर्स रात्री झोपलेल्या बाळाच्या पोटावर ते थंड जेल लावते तेव्हा आया चिडतात, पण ती सोनोग्राफी चुकवायची नाही.

तुमच्याबद्दल. रक्तगट जुळायला हवा, पण बाळ वर्षाच्या आतलं आहे म्हणून न जुळणाऱ्या गटाचंही काही सेंटरमध्ये करतात, विचारा. फॅटी लिव्हर असेल तर दोन-तीन महिन्यांत वजन उतरवून डोनर झालेल्या आया मी पाहिल्यात, रोज चालून आणि भात-साखर सोडून. कायद्याने आईबाबा, भाऊबहीण हे जवळचे नातेवाईक आहेतच, २०११ च्या दुरुस्तीनंतर आजी-आजोबाही आले, फक्त वय आणि तब्येत बघावी लागते. डोनरलाही धोका असतो, डाव्या तुकड्यासाठी जिवाचा धोका हजारात एकाच्या आसपास धरतात, तो शून्य नाही हे तुमच्या नवऱ्यासमोर, आईसमोर बसून समजून घ्या. घरातलं कोणीच जमत नसेल तर मुंबई, पुणे, नागपूर, छत्रपती संभाजीनगर इथल्या झेडटीसीसीच्या, म्हणजे मृत व्यक्तींचे अवयव वाटून देणाऱ्या समितीच्या, यादीत नाव जातं, पण एवढ्या छोट्या बाळाला तिथून वेळेत लिव्हर मिळेल याची वाट बघत बसू नका.

मग आम्ही कशापाशी थांबून आधी नीट बघतो? हृदय आणि फुफ्फुस. अशा मुलांत हृदयातही दोष असू शकतात, तेव्हा टुडी इको म्हणजे हृदयाची सोनोग्राफी आधी, आणि मोठा दोष असेल तर हृदय आधी की लिव्हर आधी हे दोन्ही टीमनी एकत्र बसून ठरवायचं. फुफ्फुसाचं घरी तुम्हीच बघू शकता. बाळाला आडवं ठेवून बोटाला ऑक्सिमीटर लावा, मग मांडीवर बसवून लावा. बसवल्यावर ऑक्सिजन घसरत असेल, ओठ, नखं निळसर आणि बोटांची टोकं फुगीर दिसत असतील तर लिव्हरमुळे फुफ्फुसातल्या बारीक शिरा फुगल्यात असा संशय, या गटाच्या मुलांत ते लवकर होतं. ते ट्रान्सप्लांटच्या आड येत नाही, उलट ट्रान्सप्लांट लवकर करायचं ते कारण आहे, नंतर काही महिन्यांत ऑक्सिजन सुधारतो, पण फार उशीर झाला तर आयसीयूतच हाल होतात.

तोवर तिला खायला घाला, यावर मी जितकं बोलीन तितकं कमी. पोटात पाणी असलं की वजनकाटा खोटं बोलतो, म्हणून दर आठवड्याला दंडाचा घेर टेपने मोजून वहीत लिहा. फॉर्म्युला एमसीटीवाला, म्हणजे पित्त कमी असलं तरी पचणारी चरबी असलेला, ए, डी, ई, के व्हिटॅमिन रोज, तोंडाने जात नसेल तर नाकातून नळी घालून रात्रभर थेंब थेंब दूध. नळी म्हटलं की घरचे नको म्हणतात, पण त्याच नळीवर दोन महिन्यांत दंड भरलेली मुलं ऑपरेशननंतर पटकन व्हेंटिलेटरवरून उतरतात.

लसींचं आत्ताच बघा. त्या छोट्या छोट्या प्लीहा काम करतात की नाही हे रक्ताच्या स्लाइडवरून अंदाज येतो, नसतील करत तर न्यूमोकोकल, मेनिंगोकोकल, हिब या लसी आणि पुढे रोजचं पेनिसिलीन लागतं. गोवर, कांजिण्यांच्या जिवंत लसी ट्रान्सप्लांटनंतर सहसा देत नाहीत म्हणून आधी, वेळापत्रक पुढे ओढून, आणि ऑपरेशनच्या निदान चार आठवडे आधी. तुमच्या घरातल्या इतर मुलांच्याही पूर्ण करा.

ट्रान्सप्लांटनंतरची दोन लक्षणं फ्रिजवर लिहून ठेवा. ताप आला तर 'सकाळी बघू' नाही, त्याच तासात हॉस्पिटल, कारण प्लीहा दुबळी आणि त्यात शरीराने नवं लिव्हर नाकारू नये म्हणून टॅक्रोलिमस या औषधाने प्रतिकारशक्ती दाबलेली. आणि हिरवी उलटी. अशा मुलांचं आतडंही नीट वळसे घेऊन बसलेलं नसतं, ते पिळू शकतं, ऑपरेशनमध्ये आम्ही ते बघतो तरीही हिरवी उलटी म्हणजे सर्जनला फोन. टॅक्रोलिमस घड्याळ लावून बारा-बारा तासांनी, गल्लीतल्या डॉक्टरने क्लॅरिथ्रोमायसिन किंवा फ्लुकोनाझोल लिहिलं तर आधी आम्हाला विचारा, त्यांनी टॅक्रोलिमसची रक्तातली लेव्हल दुप्पटही होऊ शकते.

निकाल म्हणाल तर चांगल्या सेंटरमध्ये लहान मुलांच्या ट्रान्सप्लांटनंतर वर्षभरात १०० पैकी ९० च्या आसपास मुलं जगतात, आणि तुमच्या मुलीसारख्या रचनेची मुलं अनुभवी हातात जवळपास तिथेच येतात, शिरांच्या तक्रारी थोड्या जास्त निघतात एवढंच. म्हणून सेंटर निवडताना 'होईल का' एवढंच विचारू नका. दहा किलोच्या आतली बाळं वर्षाला किती करता, आयव्हीसी नसलेलं मूल केलंय का, पोर्टल व्हेन बारीक निघाली तर काय करणार, धमनी मायक्रोस्कोपखाली कोण जोडतं, हे विचारा. चांगला सर्जन या प्रश्नांनी रागावत नाही, कागद ओढून चित्र काढायला लागतो. खर्च खाजगीत १५ ते २५ लाखांच्या घरात जातो, मुख्यमंत्री सहायता निधी आणि ट्रस्टचे अर्ज सोशल वर्करकडून पहिल्याच भेटीत भरून घ्या, ते पैसे यायला वेळ लागतो.

पहिल्या भेटीला सिटीची सीडी न्या, नुसता रिपोर्टचा कागद नको, कारण शिरा आम्हाला स्वतः बघायच्या असतात. कासाईच्या ऑपरेशनची मूळ नोट त्या हॉस्पिटलकडून मागून घ्या, डिस्चार्ज कार्ड वेगळं आणि ती वेगळी. लसीकरणाचं कार्ड, दंडाच्या घेराची वही, आणि तुमचा आणि बाबांचा रक्तगट. जायच्या आधी फोन करून सांगा की बाळाच्या पोटात पाणी आहे आणि ती आठ महिन्यांची आहे, म्हणजे तुम्हाला पुढच्या महिन्याची तारीख देणार नाहीत.